फळ्यावरच्या दोन वाटा

धाकट्या बहिणीचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं तेव्हा तिच्या गोळ्यांचा मला मनातून राग होता. मायकोफेनोलेट म्हणजे प्रतिकारशक्ती मारणारं औषध, एवढंच मी धरून बसले होते. कोविडनंतर आपल्याकडे इम्युनिटीला देव्हाऱ्यात जागा मिळालेली. ती वाढवायची, कुणी दाबतं का? डॉक्टरांना न विचारता गुळवेलीचा काढा मीच तिला नेऊन दिला. नव्या मूत्रपिंडावर तुटून पडू शकणाऱ्या पेशींना चेतवायला निघालेली ही बाई कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते! बहिणीने काढा मोरीत ओतला, म्हणून निभावलं.

प्युरीनचा धडा मी दरवर्षी घेते. पेशीला डीएनएसाठी लागणारी प्युरीन दोन वाटांनी मिळतात: नव्याने घडवून, किंवा मोडलेल्या जुन्या मालातून परत मिळवून. फळ्यावर बाण काढायचे, एन्झाइमांची नावं पाठ करून घ्यायची, संपलं.

मग बहिणीच्या त्या मायकोफेनोलेटमागचे संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांचा युक्तिवाद वाचनात आला. कोणती वाट अडवली की मुख्यतः लिम्फोसाइटच, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशीच, थांबतील, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांनी मुलांच्या दोन दुर्मीळ आजारांत शोधलं. लेश-नायहनमध्ये जुना माल परत वापरणारं एचजीपीआरटी हे एन्झाइम नसतं. ही मुलं स्वतःचे ओठ, बोटं चावतात, फार सोसतात. पण त्यांचे लिम्फोसाइट बऱ्यापैकी शाबूत असतात. उलट अ‍ॅडेनोसीन डिअमिनेज हे एन्झाइम नसलेल्या मुलांत, एलॉइझ गिब्लेट यांनी 1972 मध्ये दाखवल्याप्रमाणे, प्रतिकारशक्तीच कोलमडते. साचलेल्या द्रव्यांमुळे डीएनएची नवी सामग्री तयार होणंच अडतं. म्हणजे परतीची वाट बंद झाली तरी लिम्फोसाइट तगतात. त्यांची भिस्त नव्या घडणीवर.

पुस्तक हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. हे दोन्ही आजार मी शिकवले होते, वेगवेगळ्या धड्यांत. शेजारी-शेजारी ठेवून पाहायचं मला कधी सुचलंच नाही. जे पाठ होतं, ते मी समजलंय असं धरून चालले होते.

अ‍ॅलिसन आणि एल्सी युगी यांनी निवडलेलं, बहिणीच्या गोळ्यांमागचं मायकोफेनोलिक आम्ल 1893 पासून माहीत होतं. इटलीत बार्तोलोमिओ गोसिओ यांना ते बुरशीत सापडलं होतं. ग्वानीन या प्युरीनच्या नव्या घडणीतल्या आयएमपीडीएच या एन्झाइमला ते अडवतं. चेतलेल्या लिम्फोसाइटमध्ये या एन्झाइमचा जो प्रकार वाढतो, त्यावर हे आम्ल दुसऱ्या प्रकारापेक्षा सुमारे पाचपट प्रभावी. मी ज्याला आंधळी काठी समजत होते, त्यामागे इतका नेमका विचार होता.

तरी निवड पूर्ण नाही. आतड्याच्या अस्तरालाही झळ लागते, बहिणीला जुलाब होतात, आणि जंतुसंसर्गाचा धोका आहेच. तिला ताप आला की मी अजून घाबरते. फक्त आता काढा उकळत नाही, तिच्या डॉक्टरांना फोन करते.