परतीची वायर

मे महिन्याच्या शेवटी माझ्या गॅरेजसमोर हेडलाइट बदलून घेणाऱ्यांची गर्दी होते आणि जुलैच्या मध्यावर त्यातलेच निम्मे लोक तक्रारी घेऊन परत येतात. पाऊस तोंडावर आला की वसई-विरारमध्ये प्रत्येकाला आपल्या गाडीचा उजेड कमी वाटायला लागतो, आणि ते खोटंही नसतं. वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणाऱ्याला खड्डा कुठला आणि नुसतं डबकं कुठलं हे कळत नाही. पश्चिमेला निर्मळ, भुईगाव, आगाशीच्या वाड्यांतून पहाटे फुलांच्या टोपल्या घेऊन दादरची लोकल पकडायला निघालेल्या माणसाच्या एका बाजूला कठडा नसलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, असतं. त्याला उजेड हवाच. पण मोठा बल्ब लावला की उजेड आपोआप वाढतो, ही समजूत मात्र मला दर मोसमात नव्याने खोडून काढावी लागते.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटारसायकलींना ३५/३५ वॉटचा बल्ब येतो, बुलेटला बरीच वर्षं ६०/५५ चा एच-४ येत होता, आणि दुकानात मागितला तर १००/९० चाही मिळतो. ३५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण तीन अँपिअर ओढतो, शंभरचा आठच्या वर. गाडीचं लॉक, डिपरचा स्विच, मधले कपलर आणि केसासारख्या तारांची ती बारीक वायर तीन अँपिअरच्या हिशेबाने बनवलेली असते. त्यातून दुप्पट-तिप्पट करंट ओढला की व्होल्टेज वाटेतच पडतं. हॅलोजन बल्बचं गणित इथे फार निर्दय आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी जातो.

मागच्या पावसाळ्यात अर्नाळ्याचा एक मासेवाला दीडशे सीसीची गाडी घेऊन आला. पस्तीसच्या जागी साठचा एच-४ बसवून घेतला होता. म्हणाला, "दादा, हाय बीम लावला की हॉर्न घोगरा होतो, आणि इंडिकेटर दिला की समोरचा लाइट पण त्याच्याबरोबर उघडझाप करतो." त्याच्या आधीच्या मिस्त्रीने बल्ब बदलला, मग आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट, मग बॅटरी. तिन्ही वस्तू नव्या होत्या आणि तिन्ही निर्दोष होत्या.

हॉर्न, इंडिकेटर आणि हेडलाइट एकमेकांच्या तालावर नाचायला लागले की मी पहिल्यांदा अर्थ बघतो. करंट बल्बपर्यंत गेला की त्याला बॅटरीकडे परतही यावं लागतं. ती परतीची वाट अडली, तर तो शेजारच्या बल्बातून, हॉर्नमधून, मीटरच्या दिव्यातून, मिळेल तिथून वाट काढतो. मग नको ते दिवे मिणमिणतात आणि हवा तो मंद होतो.

इंजिन चालू ठेवून रेस दिली आणि मोजायला लागलो. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.२. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत गायब. एवढं व्होल्टेज पडलं की उजेड निम्म्याच्याही खाली येतो. साठच्या बल्बाचे पैसे देऊन त्याला नीट चालणाऱ्या पस्तीसच्या बल्बाएवढाच उजेड मिळत होता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला धरली आणि दुसरी होल्डरच्या अर्थला. दीड व्होल्टच्या वर काटा. (माझा मीटर डिजिटल आहे, पण काट्याची सवय जिभेवरून जात नाही.) दुसरी पिन हँडलच्या गळ्याजवळ चासीला लावली, तरी १.३. म्हणजे पुढचं सगळं जवळपास ठीक होतं आणि दोष मागे, बॅटरीजवळ होता.

त्याचा विश्वास बसेना. "सेल्फ तर एका बोटावर लागतो, मग बॅटरीची अर्थ खराब कशी?" प्रश्न अगदी योग्य होता, आणि आधीचा मिस्त्रीही इथेच फसला असणार. बॅटरीच्या मायनसवरून जाडजूड केबल इंजिनला जाते. सेल्फचा सगळा भार तिच्यावर. चासीला आणि वायरिंगला अर्थ देणारी वायर त्याच टर्मिनलवरून निघते, पण ती वेगळी आणि बारीक. साइड पॅनेल काढलं, तेव्हा त्या बारीक वायरचा बोल्ट हिरव्या-पांढऱ्या थराखाली दिसतच नव्हता. कॅरिअरवर माशांचे क्रेट, क्रेटमध्ये बर्फ, आणि वितळलेलं खारं पाणी रोज पहाटे नेमकं त्या बोल्टवर ठिबकत होतं. जुन्या बल्बाच्या तीन अँपिअरला ती अर्धवट सडलेली वाट कशीबशी पुरत होती. साडेचार मागितल्यावर तिने हात वर केले. त्या बोल्टपाशी सहा वॉट उष्णता नुसती जळत होती.

मीटरचा बझर लावून बघणाऱ्यांना हा दोष कधीच सापडत नाही. त्या जागेचा अडथळा पाव ओहमच्या आसपास होता आणि बझर त्याच्या कितीतरी पट अडथळ्यालाही आनंदाने वाजतो. टेस्ट लॅम्पमध्ये इंडिकेटरचा छोटा बल्ब असेल तर तोही झगझगीत पेटतो, कारण त्याला लागतोच एक-दीड अँपिअर. वायर जोखायची तर दिवा पेटवून, पूर्ण लोड देऊन, व्होल्टेज कुठे किती पडतं तेच मोजायला हवं.

वसईत हे सारखं होतं, कारण इथली हवाच खारी आहे. समुद्र, खाड्या, मिठागरं, आणि वरून चार महिने पाऊस. त्यात जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात होतं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांचे कपलर मी अजूनही उघडतो आहे. खारं पाणी वायरच्या टोकातून आत शिरतं आणि प्लॅस्टिकच्या आवरणाखालून वर चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते, सोलली की तांबं काळं. काळ्या तांब्याला कथील धरत नाही. मी लाल तांबं लागेपर्यंत मागे मागे सोलत जातो. वीतभर सोलूनही काळंच असेल, तर ती वायर पूर्ण बदलतो. पिळा मारून वर टेप गुंडाळलेला जॉइंट इथे फार काळ टिकत नाही, आणि वायर न कापता चिमटा मारायच्या त्या निळ्या क्लिपा मी दुकानात ठेवतच नाही.

मासेवाल्याच्या गाडीचा बोल्ट घासून रंगाखालचं लोखंड मोकळं केलं, नवी अर्थ थेट होल्डरपासून बॅटरीपर्यंत ओढली, आणि प्लसच्या बाजूला रिले टाकला. जुनी हेडलाइटची वायर आता फक्त रिलेला इशारा देते, खरा करंट बॅटरीजवळच्या फ्यूजमधून जाड वायरने थेट बल्बला जातो. रिले टाकीखाली, पिना खालच्या दिशेला करून बसवायचा, म्हणजे पाणी साचत नाही. शेवटी चार्जिंग मोजलं. हाय बीम लावून, रेस देऊन साडेतेराच्या वर टिकत होतं, म्हणून साठचा बल्ब राहू दिला. टिकलं नसतं तर तो काढायला लावला असता. बल्ब कितीही मोठा लावा, मॅग्नेट कॉइल तेवढीच वीज देते. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. तेव्हा अंबाडी रोडच्या ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभं राहूनही बॅटरी पिळली जातेच.

जुन्या गाड्यांचं, विशेषतः वसईच्या गाड्यांना ठाण्याचा एमएच-०४ नंबर मिळायचा तेव्हाच्या, दुखणं वेगळंच. त्यांतल्या अनेकांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. कॉइलमधून निघालेला एसी करंट थेट बल्बला जातो. हॅलोजनला त्याचं काही वाटत नाही. एलईडी मात्र लुकलुकतो, आणि त्या लाइनवर रिले लावला तर पेटण्याऐवजी गुणगुणत बसतो. मीटर डीसीवर ठेवून बघणाऱ्याला तिथे जवळपास शून्य दिसतं आणि तो वायर तुटली म्हणून शोधत राहतो. मीटर एसीवर फिरवला की उलगडा होतो. अशी गाडी डीसीवर घ्यायची तर नुसती वायर बॅटरीवर जोडून भागत नाही. मॅग्नेट उघडून वाइंडिंगचं अर्थला जोडलेलं टोक सोडवावं लागतं आणि फुल वेव्ह आरआर बसवावा लागतो. ते न करता पूर्ण वॉटचा हॅलोजन बॅटरीवर टाकणाऱ्याला काही दिवसांतच किक मारून घाम फुटतो.

एलईडीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वीज कमी खातो, हे मान्य. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो आणि स्वस्त एलईडीतली चिप त्या जागी क्वचितच येते. उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागे पंखा असल्यामुळे होल्डरचं रबरी टोपण बसत नाही, दमट हवा आत शिरते आणि ऑगस्टपर्यंत काचेला आतून धुकं. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या अशा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं. मी सांगतो. काही जण तरीही लावून घेतात, दुसऱ्या दुकानात.

माझ्याकडे उजेड वाढवायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या जुन्याच बल्बावर परत जातात. अर्थ साफ, रिले, रिफ्लेक्टर पुसलेला, हेडलाइटचा कोन भिंतीवर बघून नीट केलेला, एवढ्याने काम भागतं. तुम्हीही यंदा पावसाआधी मिस्त्रीकडे गेलात, तर बल्बाचा भाव विचारू नका. इंजिन चालू करून, हाय बीम लावून, बॅटरीवर किती व्होल्ट आणि होल्डरवर किती, हे मीटरवर दाखवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी वायरिंग करून घ्या, बल्बाचं नंतर बघू.