विरार ते मुक्तिनाथ, व्हाया एक्सेल

आमच्या ट्रिपच्या एक्सेल शीटला सध्या सात टॅब आहेत. ऑफिसमधून रजा मंजूर व्हायची आहे, गाडीचं सर्व्हिसिंग व्हायचं आहे, पण शीट तयार आहे. आयटीवाल्याचा प्रवास असाच सुरू होतो, काय करणार!

तर बेत असा. दसरा झाला की विरारहून स्वतःच्या गाडीने नेपाळ आणि तिथून वर मुक्तिनाथ. आई, बाबा आणि मी. एका बाजूने साधारण २,१०० किलोमीटर. मित्रांना सांगितलं की ते आधी विचारतात, "लडाख सोडून नेपाळ का?" आणि मग, "विमानाने का नाही?" दोन्हीचं उत्तर एकच: बाबा.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अर्नाळा डेपो, एकतीस वर्षं. जव्हार-मोखाड्याचे घाट, कसारा, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या. पंढरपूरला किती वेळा गेले ते त्यांनाही आठवत नाही, पण विठोबाचं दर्शन एकदाच झालं. एरवी गाडी लावायची, सावली बघून झोप काढायची आणि गाडी भरली की परत. लोकांना देवाच्या दारापर्यंत पोचवायचं आणि आपण मात्र स्टँडवर थांबायचं. याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. ती माझीच आहे.

मुक्तिनाथच का, तर आमच्या देवघरात आजीच्या वेळचा एक शाळिग्राम आहे. हे दगड काली गंडकीच्या पात्रात सापडतात. म्हणजे खरं तर ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म. हिमालय वर आला तेव्हा समुद्राचा तळही वर गेला. मी हे सांगितलं तेव्हा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढलेले आमचे बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्याकडचाच की तो! मग बघून येऊ."

रूटवरून पहिले वाद झाले. सर्वात जास्त चर्चा कुठल्या टप्प्यावर झाली असेल? पहिल्या पन्नास किलोमीटरवर. कामण-भिवंडी घ्यायचा की वज्रेश्वरी-अंबाडी? (वसई-विरारकरांना कारण वेगळं सांगायला नको.) पुढे नाशिक, धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर आणि सोनौलीची सीमा. मॅपच्या हिशोबाने पहिला मुक्काम इंदूरला जमत होता. बाबांनी तो धुळ्याला आणला. "तुझ्या गूगलला चहा लागत नाही आणि लघवीही लागत नाही," म्हणाले. सूर्य मावळल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा तिसरा. तो माझ्यासाठी आहे, कारण मैदानात गाडी मी चालवणार आहे आणि घाटात ते.

सीमेचा टॅब वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरतं. गाडीला मात्र भन्सार भरावा लागतो. म्हणजे नेपाळी कस्टम्सकडे आरसी बुक दाखवायचं, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि पावती जपून ठेवायची. आपली विमा पॉलिसी सीमेपलीकडे आपोआप लागू होत नाही. जादा हप्ता भरून नेपाळपुरती वाढवून घ्यावी लागते, आणि हे काम घरून निघण्याआधीच केलेलं बरं. आपल्या एका रुपयाला त्यांचे एक रुपया साठ पैसे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. गाडी मात्र आपल्यासारखीच डावीकडून.

सहावा टॅब आईचा. त्याला मी 'रिस्क' असं नाव दिलं होतं, ती त्याला 'काळजी' म्हणते. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली. आईच्या डोक्यातून ते जात नाही. वरणगाव, भुसावळची माणसं, आपल्यासारखीच देवाला निघालेली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं, पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, ते तिने दिवसभर टीव्हीवर पाहिलं. मी अभ्यास करताना अजून एक गोष्ट सापडली. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याचं बर्फ होऊन मुक्तिनाथच्या वरच्या थोरोंग खिंडीत पडलं. त्या हिमवादळात ट्रेकर आणि वाटाडे मिळून चाळीसच्या वर माणसं मेली. त्यामुळे निघण्याआधी बंगालच्या उपसागराचा अंदाज बघायचा, अशी एक ओळ शीटमध्ये आहे.

पण माझी खरी काळजी आईच्या टॅबमध्ये नाही. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. पोखरा साधारण ८२० मीटरवर, जोमसोम २,७००, आणि मुक्तिनाथ ३,७०० च्याही वर. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नाही. तपासण्या केल्या, औषधं लिहून दिली आणि म्हणाले, सावकाश चढा, दम लागला किंवा छातीत काही वाटलं तर तिथूनच खाली या. म्हणून वाटेत तातोपानीला एक मुक्काम, जोमसोमला दोन, आणि मुक्तिनाथ सकाळी जाऊन त्याच दिवशी परत. झोपायला खालीच यायचं. दुपारनंतर त्या दरीत वारा इतका सुटतो की जोमसोमची विमानंसुद्धा सकाळीच उडतात.

आमच्याकडे रोलबॅक प्लॅन नसेल तर रिलीज होत नाही. सर्व्हर मध्यरात्री पडला तर जुनं व्हर्जन परत कसं चढवायचं, हे आधी लिहून द्यावं लागतं. तसा सातवा टॅब मी केला: कुठून आणि कधी मागे फिरायचं. टेन्शन होतं ते हा टॅब बाबांना दाखवायचं. मुक्तिनाथ वीस किलोमीटरवर असताना मी "चला परत" म्हणालो, तर ते ऐकतील? आणि मला तरी म्हणवेल?

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मागे फिरण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. अडले ते भलत्याच ओळीवर. 'बेनीपासून पुढे लोकल जीप, लोकल ड्रायव्हर.' आमची छोटी हॅचबॅक, दरडींचा कच्चा-पक्का रस्ता, म्हणून मी ते टाकलं होतं.

"मी काय मागे बसू?"

दोन दिवस घरात या विषयावर शांतता होती. आई माझ्याकडे बघायची, मी लॅपटॉपकडे.

तोडगा निघाला सोसायटीच्या गेटवर. आमचे वॉचमन नेपाळचे आहेत. चौदा वर्षं विरारला आहेत, उत्तम मराठी बोलतात. लोक त्यांना सर्रास 'बहादूर' म्हणतात, ते मला आवडत नाही. आम्ही त्यांना दाजू म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. त्यांचं गाव स्यांग्जा जिल्ह्यात, वालिंगजवळ, आमच्या सोनौली-पोखरा रस्त्यावरच! दरवर्षी दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, कुर्ल्याहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे बसने ते घरी जातात. इतके दिवस मी नेटवर रस्त्याची माहिती शोधत होतो आणि माहितगार माणूस रोज माझं गेट उघडत होता.

बाबा त्यांच्याबरोबर तासभर बोलले. रस्त्याची रुंदी, वळणं, समोरून ट्रक आला तर मागे कोणी घ्यायचं, सगळं विचारून झालं. वर येऊन मला म्हणाले, "नवीन रूटवर आम्ही पहिली फेरी जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसूनच करायचो. जीपमध्ये पुढची सीट सांग. आणि परत फिरायचं मी सांगेन. मी नाही सांगितलं तर तुझ्या आईने सांगायचं. तू मध्ये पडू नकोस."

शीटमध्ये तसा बदल केला आहे. 'निर्णय' या कॉलममध्ये आता आईचं नाव आहे. ती म्हणते, "मला नका घालू त्यात," पण सेल डिलीट करायलाही सांगत नाही. परवा तिने वाटेत खायला सुकेळी कुठून आणायची याची चौकशी सुरू केली. हा मी होकार धरला आहे.

दाजू दसैंला घरीच असतील. जाताना चहाला थांबायचंच, असं त्यांनी बजावलंय. घर मुख्य रस्त्यापासून थोडं वर आहे, गाडी दारापर्यंत येते म्हणाले. बाबांनी एवढंच विचारलं, "वर गाडी वळवायला जागा आहे ना?"

"आहे," दाजू म्हणाले. "ट्रॅक्टर वळतो."