गुडघा आत जातोय

चि. छोटीस,


व्हिडिओ मिळाला. कबड्डीत बोनस घेऊन परतताना तू डाव्या पायावर झपकन वळलीस, तेवढा भाग मी थांबवून थांबवून पाहिला. चढाई सुरेखच होती, पण माझी नजर तुझ्या गुडघ्यावरून हलेना. पाऊल मॅटवर रोवलेलं, गुडघा जवळजवळ ताठ आणि आतल्या बाजूला कललेला, धड बाहेर झुकलेलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटतं ते बहुतेक वेळा याच अवस्थेत. त्यासाठी कुणी डॅश मारायलाच हवा असं नाही. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉलमध्ये पाहिलंय, अशा दुखापतींमध्ये गुडघ्याला कुणाचा थेट धक्का लागलेला नसतोच बऱ्याचदा. खेळाडू उडी मारून उतरते किंवा वळते, आणि पाऊल टेकल्यावर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात ते लिगामेंट गेलेलं असतं. एवढ्या वेळात विचार करून गुडघा सावरणं कुणालाच जमणार नाही. शरीराला आधीपासून वळण लागलेलं असलं तरच तो सावरतो.

निवड चाचणीसाठी रोज किती बैठका मारू, असं तू विचारलंस. बैठका वाईट नाहीत, तालमींनी त्यांच्यावर पिढ्या घडवल्या. पण दोन्ही पायांवर भराभर मारलेल्या बैठकांचा बराचसा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. गुडघा ताठ असताना हेच स्नायू नडगीचं हाड पुढे ओढतात आणि एसीएलवर ताण आणतात. नडगीला मागे खेचून धरतो तो मांडीमागचा हॅमस्ट्रिंग. गुडघा आत जाऊ देत नाहीत ते कुल्ल्याचे स्नायू. हे दोन्ही तुझे कच्चे आहेत असं मला वाटतं. शिवाय चढाईत तू वळतेस ती एका पायावर, आणि सराव मात्र सगळा दोन पायांवर.

म्हणून आकडा सोड. आधी आरशासमोर एका बुटक्या पायरीवरून खाली उतरायला शीक. आवाज न करता, कंबर मागे नेत, गुडघे वाकवून, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून. हे नीट जमलं की एका पायावर. मग आडवं पळून थांबणं, थांबून वळणं. नॉर्डिक कर्ल कर: गुडघ्यांवर बस, मैत्रिणीला घोटे धरायला सांग आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुक. पहिल्या दिवशी चार-पाचच पुरे, नाहीतर मांड्या अशा भरून येतील की जिना चढवणार नाही. त्याच्या जोडीला वजन उचल. स्क्वॉट, डेडलिफ्ट, सगळं. मुलींनी वजनं उचलू नयेत असं कुणी म्हणालं तर मुळीच मनावर घेऊ नकोस. एसीएलचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून तर ताकद तुला अधिक हवी. फक्त वजन वाढवताना गुडघा आत जायला लागला की तिथेच थांब.

फुटबॉलमध्ये 'फिफा 11+' नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण 20 मिनिटांचा. त्यात हेच आहे: पळणं, ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर त्याचा मोठा अभ्यास झाला, 2008 साली तो प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या मुलींच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी भरल्या. कबड्डीत पकडीतल्या दुखापती वेगळ्या. कुणी घोटा धरून पिळला तर हा वॉर्म-अप काय करणार? पण थांबणं, वळणं, उतरणं दोन्हीकडे सारखंच.

एसीएलचं ऑपरेशन झालं की पुन्हा खेळायला निदान नऊ महिने लागतात, बऱ्याचदा वर्षही. चाचणीच्या धावपळीत तुझे सर सरावातली 20 मिनिटं द्यायला कुरकुरतील. त्यांना हे नीट सांग. ऐकलं नाही तर मला कळव, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. आणि पुढचा व्हिडिओ समोरून काढ, फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवून.

तुझी,
आत्या