दहा श्वासांना एक मणी

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं की डिझाइनवर लिहिणाऱ्या डॉन नॉर्मनशी गाठ पडतेच. वापरणारा चुकला तर आधी वस्तूची रचना तपासा, हा त्याच्या १९८८ सालच्या पुस्तकाचा गाभा. उदाहरणं दारांची आणि शेगडीच्या बटणांची. मी चंद्रपूरची. मला या विचाराचा सगळ्यात पक्का नमुना आमच्याच भागात सापडला, आणि त्यात कॉम्प्युटर नव्हताच.

चंद्रपुरातून १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग तिथे आले. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. हा आजार श्वासाच्या गतीवरून ओळखू येतो: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले की धोका. गावातल्या दाईचा हात अनुभवी, नजर तयार. पण घड्याळ नाही आणि आकडे दहा-बाराच्या पुढे जात नाहीत.

मग तिला साठपर्यंत मोजायला शिकवायचं का? बंगांनी ते ओझं तिच्यावर टाकलंच नाही. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी असलेला ‘ब्रेथ काउंटर’ तयार केला. घड्याळ उलटायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. बस्स. दाईला जेवढं येत होतं तेवढ्यातच निदान बसवलं! या साधनावरचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९९० मध्येच, गावपातळीवरच्या उपचारांनी गडचिरोलीतले न्यूमोनियाचे बालमृत्यू घटल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं.

हे वाचून मी गडचिरोलीतल्याच एटापल्लीकडच्या एका आशाताईंसोबत, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीसोबत, हिंडले. त्या आई-बाळांच्या नोंदी आधी वहीत लिहितात, रेंज मिळाली की फोनवरच्या फॉर्ममध्ये भरतात. घरोघरी बोलणं तिथल्या माडिया बोलीत. पडद्यावर मात्र कार्यालयीन मराठी. आईचा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

“घरी मोबाइलच नाही ना जी. मंग आपलाच टाकून द्याचा,” ताई म्हणाल्या.

अशा घरांतल्या सगळ्या आया मग एकाच नंबरावर जमा होतात, आणि लसीची आठवण करून देणारे त्यांचे मेसेज ताईंच्या फोनवर येतात. वरून पाहणाऱ्याला ही ताईंची चूक दिसेल. माझ्या मते चूक त्या रकान्याची आहे. तो बनवणाऱ्याने फोन नसलेलं घर डोळ्यासमोर आणलंच नव्हतं.

अशाच नोंदींसाठी मी करत असलेल्या शिक्षणातल्या प्रकल्पाच्या आराखड्यात आता ‘घरी मोबाइल नाही’ असं वेगळं बटण आहे, आणि रेंज नसली तरी नोंद फोनमध्येच साठते. प्रश्न माडियात ऐकवायचे की चित्रांतून दाखवायचे, हे ताईंसोबत बसून ठरवायचं आहे.