फुकट कोण देतं?

2024च्या दिवाळीत नांदगावला घरी गेलो होतो. संध्याकाळी शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. त्यांची मुलगी नाशिकहून एमएस्सी केमिस्ट्री करून आलेली. तिला परदेशात पीएचडी करायची होती आणि काकांचा प्रश्न एकच होता.

"किती लागतील?"

"शिकायला काहीच नाही काका. उलट महिन्याला तेच पैसे देतात."

काका हसले. "फुकट कोण देतं रे? मार्केटात कांद्याची रिकामी गोणीसुद्धा कोणी फुकट देत नाही."

मला हसता आलं नाही. कारण सव्विसाव्या वर्षापर्यंत मीही हेच समजत होतो.

2019 साली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. फोटोवरून कांद्याची प्रत ओळखणारा प्रोजेक्ट केला होता आणि त्यातच पुढे काहीतरी करावं असं फार वाटत होतं. नाशिकमधल्या एका कन्सल्टंटकडे गेलो. त्याने कागदावर आकडा लिहून दिला : एमएस, दोन वर्षं, चाळीस लाख. जमीन तारण ठेवून कर्ज मिळेल म्हणाला. तो कागद मी घरी दाखवलाच नाही. पुण्यात नोकरी धरली. चार वर्षांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक सहकारी सहज बोलून गेला, "माझी बहीण बीईनंतर थेट अमेरिकेत पीएचडीला गेली. फी विद्यापीठच भरतं, वर पगार मिळतो." त्या रात्री झोप आली नाही. माझा प्रवेश झालाच असता असं नाही. पण असा रस्ता असतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

का सांगितलं नाही, हे नंतर कळलं. अशा बहुतेक एजंटांची कमाई फी भरणाऱ्या विद्यार्थ्यावर असते. ज्याची फी विद्यापीठच माफ करणार, त्याच्यावर कमिशन कोण देणार? म्हणून रस्त्यावरच्या बॅनरवर एमएस असतं, पीएचडी नसते.

काकांना मग मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. ही मदत नाही, मजुरी आहे. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला घेतलेली पोरं विद्यापीठाच्या वर्गांवर शिकवतात किंवा प्रोफेसरच्या लॅबमध्ये राबतात. त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याचा खर्च भागेल एवढे पैसे. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये तर पीएचडी बहुतेक वेळा सरळ नोकरीच असते : जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो. तिथे साधारणपणे एमएस्सी लागते, ती हिच्याकडे होती. सरकारी शिष्यवृत्त्याही आहेत. पण अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा अख्ख्या महाराष्ट्राला मिळून वर्षाला 75. लॅबच्या जागा त्याहून कितीतरी जास्त.

काका म्हणाले, "बघा बुवा. पण लग्नाचं एक वर्ष थांबवतो, जास्त नाही."

म्हणजे मुदत तिलाही होती.

खर्च अजिबात नाही असंही नव्हतं. इंग्रजीच्या परीक्षेचे सतराएक हजार लागले. एकेका अर्जाचे 75 ते 100 डॉलर. फी माफ करा म्हणून तिने आठ विद्यापीठांना ईमेल केले, तिघांनी केली. बाकीची मी भरली. तिने ती वहीत उधार म्हणून लिहून ठेवली आहे.

शिफारसपत्रं तीन हवी होती. एक सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." तिचा फोन आला, "दादा, काय करू?" मी म्हटलं, पत्र लिहू नकोस, लॅबमध्ये काय काय केलंस त्याची यादी लिहून दे. यादी वाचून सर म्हणाले, "हे सगळं तू केलंस?" मग पत्र त्यांनीच लिहिलं.

स्वतःबद्दलच्या निबंधाची सुरुवात तिने 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड' अशी केली होती. मी ती काढायला लावली. विचारलं, लॅबमध्ये कधी घाबरली होतीस? तिने सांगितलं : विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजताना घरच्या विहिरीचं पाणी नेलं होतं. आकडा जास्त आला. चूक झाली असेल म्हणून तीनदा मोजला. तिन्ही वेळा तोच. "दादा, ते पाणी आम्ही रोज पितो." मी म्हटलं, हेच लिही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 15 डिसेंबरची रात्र संपते, तेव्हा आपल्याकडे 16 तारखेच्या सकाळचे साडेदहा वाजतात. उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. दिवसभर वाफ्यात बसून ती रात्री मोबाईलवर निबंध लिहायची. शेवटचा अर्ज गेला सकाळी दहाला, बांधावरून.

आठही ठिकाणांहून नकार आला. 2025 मध्ये अमेरिकेतल्या संशोधनाच्या पैशाला कात्री लागली आणि बऱ्याच विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. हे तिला समजावताना मलाच वाटत होतं, आपण हिचं एक वर्ष घालवलं.

त्या दिवसांत बाबासाहेबांचं आठवायचं. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. हे आपल्याला पाठ असतं. पण त्याआधी, कॉलेजच्या शिक्षणासाठी महाराजांकडे त्यांच्याबद्दल शब्द टाकणारे केळुसकर गुरुजी होते. बुद्धी बाबासाहेबांचीच होती, पण दार कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस त्यांनाही लागला. आज बुलढाण्याच्या खेड्यातून लंडनला शिकून आलेले राजू केंद्रे 'एकलव्य' संस्थेतून घरातल्या पहिल्या पिढीच्या पोरांसाठी हेच काम करतात. माझ्याकडे संस्था नाही. रविवार आहे आणि फोन आहे.

काकांनी मुदत वाढवली. का, ते बोलले नाहीत; विहिरीवरून बहुधा. घरात आता पाण्याचा फिल्टर आहे. या खेपेला तिने युरोपातल्या जाहिराती बघून सहा अर्ज केले. त्यांना फी नव्हती. एका ठिकाणची मुलाखत गेल्या आठवड्यात झाली. निकाल यायचा आहे.

मुलाखतीनंतर काकांचा फोन आला. मी म्हटलं, काका, अजून काही ठरलेलं नाही.

"ते कळलं रे," ते म्हणाले. "पगार किती देतील म्हणाला होतास?"