नागपूर स्थानक : दोन दारे आणि चार प्रश्न

पारशिवनीला रेल्वे नाही. तालुक्यातील कन्हान हे स्थानक हावडा मार्गावर आहे आणि तेथून रामटेककडे एक शाखाही जाते. परंतु तालुक्याच्या मुख्य गावाला रूळ लागलेले नाहीत. पेंचचे पाणी या तालुक्यातून नागपूरच्या नळांपर्यंत पोहोचते, मात्र नागपूरची गाडी पारशिवनीपर्यंत येत नाही. त्यामुळे येथील माणसाचा कोणताही लांबचा प्रवास, मग तो मालखरेदीचा असो, तीर्थयात्रेचा असो वा मुलाबाळांच्या भेटीचा असो, आधी रस्त्याने नागपूरला जाऊन मगच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

एक पिढी आधीपर्यंत याची कोणाला चिंता नव्हती. घरात चार भाऊ, त्यांची मुले, दुकानातील दोन माणसे असा परिवार असे. वडीलधारे प्रवासाला निघाले की कोणीतरी तरुण सोबत जाई, डब्यात जागा पाहून सामान लावी आणि गाडी हलल्यावरच परत फिरे. आज त्याच घरांतील मुले पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरी-व्यवसायात आहेत. मागे उरले आहेत ते साठी-सत्तरीचे आई-वडील आणि अर्धवट उघडे दुकान. त्यांना नागपूर शहर चांगले ठाऊक असते. इतवारीतील ठोक व्यापारी, गांधीबागेतील कापडाची दुकाने, सराफा बाजार यांची वाट त्यांना कोणी सांगावी लागत नाही. मात्र स्थानकात पाऊल ठेवले की तीच अनुभवी माणसे गोंधळतात.

पारशिवनीतील एका व्यापारी कुटुंबातील वृद्ध दांपत्याची गोष्ट या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. पुण्याला नातीचे बारसे होते. मुलाने मोबाइलवर तिकीट काढून पाठविले. पुतण्याने मोटारीतून त्यांना नेहमीच्या सवयीने नागपूर स्थानकाच्या दगडी इमारतीसमोर उतरविले आणि दुकान उघडायचे म्हणून तो परतला. दोघे पहिल्या फलाटावरील बाकावर निश्चिंत बसले. सूर्यास्तापूर्वी डबा उघडून जेवणही आटोपले. गाडीची वेळ जवळ येऊनही घोषणा होईना, तेव्हा शेजारच्या एका विद्यार्थ्याने तिकीट पाहिले आणि म्हणाला, “काकाजी, ही गाडी इथून नाही. तुमचे तिकीट अजनीचे आहे.” रिक्षाने धावत-पळत ते अजनीला पोहोचले, तेव्हा गाडी सुटली होती.

पैशाचे नुकसान फार मोठे नव्हते. बारसेही दुसऱ्या दिवशी उशिरा का होईना, पाहता आले. पण परतल्यावर त्या गृहस्थांनी काढलेले उद्गार घरातील सर्वांना लागले. “आता मुलांनीच इकडे यावे. आपल्याच्याने हे होत नाही.” ज्याने चाळीस वर्षे उधारी-वसुलीसाठी चार जिल्हे पालथे घातले, त्या माणसाने एका स्थानकापुढे हात टेकावेत, ही गोष्ट गाडी चुकण्याहून अधिक दुःखाची होती.

वास्तविक नागपूर स्थानक समजून घेण्यास अवघड नाही. ते पाठ करण्याचा प्रयत्न केला तर मात्र अवघड वाटते. खातेवहीतील प्रत्येक नोंद कोणी पाठ करीत नाही. कोणते खाते कोणत्या पानावर आहे, एवढे ठाऊक असले की पुरते. स्थानकाचेही तसेच आहे. निघण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे हाती असली की बाकीचे आपोआप जुळते : कोणते स्थानक, कोणते दार, कोणता फलाट आणि फलाटाचे कोणते टोक.

पहिला प्रश्न स्थानकाचा. ‘नागपूरहून गाडी’ असे आपण सहज म्हणतो. परंतु शहरात प्रवाशांच्या दृष्टीने महत्त्वाची स्थानके तीन आहेत. मुख्य नागपूर स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. त्याच्या दक्षिणेला, वर्ध्याच्या वाटेवर, त्याच विभागाचे अजनी आहे. पूर्वेकडे इतवारी आहे, ज्याला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिले आहे. ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे आणि त्या रेल्वेचाही एक स्वतंत्र नागपूर विभाग आहे. मुख्य स्थानकावरील गर्दी कमी व्हावी म्हणून काही गाड्या अजनीहून, तर काही इतवारीहून सोडल्या जातात. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली पुण्याची वंदे भारत गाडीदेखील अजनीहूनच सुटते. अजनीहून पुण्या-मुंबईकडे निघालेली गाडी पुढे वर्ध्याच्या दिशेने जाते, ती मुख्य स्थानकावर येत नाही. म्हणून तिकिटावर नागपूरसाठी ‘एनजीपी’ आणि अजनीसाठी ‘एजेएनआय’ ही जी इंग्रजी अक्षरे असतात, ती रकमेच्या आकड्याइतक्याच काळजीने वाचावीत. इतवारीचा बाजार आणि इतवारीचे स्थानक या दोन निराळ्या जागा आहेत, हेही व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बाजारातून पायी निघून स्थानक गाठू, असा हिशेब करू नये.

दुसरा प्रश्न दाराचा. मुख्य स्थानकाला पश्चिम आणि पूर्व अशी दोन प्रवेशद्वारे आहेत. पश्चिमेला जुनी देखणी दगडी इमारत आहे. तिचे उद्घाटन 15 जानेवारी 1925 रोजी मध्य प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झाले; म्हणजे या वास्तूने शंभरी ओलांडली आहे. पूर्वेचे दार संत्रा मार्केटच्या बाजूला उघडते. सदर, सिव्हिल लाइन्स या भागांतून येणाऱ्यास पश्चिमद्वार सोयीचे. इतवारी, गांधीबाग, महाल किंवा गणेशपेठेतील एसटी स्थानकाकडून येणाऱ्यास पूर्वद्वार जवळचे. दिवसभर बाजारात खरेदी करून संध्याकाळची गाडी धरणारे कित्येक जण केवळ सवयीने वळसा घालून पश्चिमेला जातात आणि नंतर सामानासह पादचारी पुलावरून पुन्हा पूर्वेकडील फलाटावर येतात. हे श्रम टाळता येण्यासारखे आहेत.

मेट्रोने या दुसऱ्या दाराचे महत्त्व वाढविले आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर मेट्रोचे आणखी दोन टप्पे सुरू झाले. त्यांपैकी एकाने कामठी मार्गावरील ऑटोमोटिव्ह चौक थेट सीताबर्डीशी जोडला, तर दुसऱ्याने सीताबर्डी पूर्वेकडील प्रजापती नगरशी जोडली. पारशिवनीहून सुमारे 40 किलोमीटरचा रस्ता कापून, कन्हान-कामठीवरून शहरात शिरणाऱ्यास ही मोठी सोय आहे. ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रोत बसावे, सीताबर्डीला गाडी बदलावी, आणि कॉटन मार्केटनंतरच्या ‘नागपूर रेल्वे स्थानक’ या थांब्यावर उतरावे. हा थांबा पूर्वेच्या, म्हणजे संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. वाहतुकीच्या कोंडीत घड्याळाकडे पाहत बसण्यापेक्षा ही वाट पुष्कळदा निर्धास्त ठरते.

तिसरा प्रश्न फलाटाचा. येथे आठ फलाट आहेत आणि त्यांचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. पहिला फलाट दगडी इमारतीला लागून, तर आठवा संत्रा मार्केटच्या बाजूला. एवढे लक्षात ठेवले की लहान आकडा पश्चिमद्वाराचा आणि मोठा आकडा पूर्वद्वाराचा, हा सोपा ठोकताळा हाती येतो. परंतु ठोकताळा म्हणजे हमी नव्हे. गाडी उशिरा असल्यास किंवा दुसरी गाडी उभी असल्यास फलाट बदलतो. म्हणून घरून निघताना भ्रमणध्वनीवर पाहिलेला आकडा कच्चा समजावा. पक्की नोंद स्थानकातील फलकावर आणि घोषणेत मिळते. घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. 139 या क्रमांकावरही रेल्वेची चौकशी करता येते. ज्यांना जिने चढणे कठीण आहे त्यांनी लिफ्ट अथवा सरकता जिना कोठे आहे हे पोहोचताच पाहून ठेवावे; फलाट बदलल्याची घोषणा झाल्यावर शोध सुरू करू नये. चाकाच्या खुर्चीची गरज असल्यास स्थानक व्यवस्थापकांच्या कार्यालयात आधीच विचारावे. हमालाची मदत घ्यायची झाल्यास मजुरी आणि डब्याचा क्रमांक दोन्ही प्रथम बोलून घ्यावे.

चौथा प्रश्न टोकाचा, आणि तो बहुतेकांच्या मनात येतच नाही. तो कळण्यासाठी या स्थानकाचा थोडा इतिहास पाहावा लागतो. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग भुसावळ-वर्ध्याकडून नागपूरला आला. कापसाच्या प्रदेशाला मुंबईचे बंदर जवळ झाले. पुढे 1877 मध्ये जमशेदजी टाटा यांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने छत्तीसगडच्या मार्गाने नागपूरला पूर्वेशी जोडले. उत्तरेचा इटारसीकडील आणि दक्षिणेचा बल्लारशाहच्या पुढचा असे मार्ग 1920 च्या दशकात पूर्ण होत गेले आणि दिल्ली-मद्रास वाहतूक नागपूरवरून वाहू लागली. अशा रीतीने देशाच्या चारही दिशांचे मार्ग येथे मिळाले. त्यांच्या छेदामुळे झालेले ‘डायमंड क्रॉसिंग’ नागपूरकर अभिमानाने दाखवितात.

दिशा चार असल्या तरी फलाटाला टोके दोनच असतात. मुंबई आणि चेन्नई या दोन्हींकडील गाड्या दक्षिणेच्या, म्हणजे अजनीच्या टोकाने ये-जा करतात. त्यांच्या वाटा पुढे वर्धा-सेवाग्रामजवळ वेगळ्या होतात. दिल्ली आणि हावडा या दोन्हींकडील गाड्या उत्तरेच्या टोकाने ये-जा करतात. भद्रावतीच्या पार्श्वनाथांच्या दर्शनाला भांदक स्थानकाकडे निघालेले कुटुंब दक्षिण टोकाने जाईल, तर डोंगरगडच्या चंद्रगिरीला निघालेला संघ उत्तर टोकाने. हे कळले की गाडी कोणत्या बाजूने येणार आणि इंजिन कोणीकडे असणार, याचा अंदाज उभ्या जागी करता येतो.

यातच एक मेख आहे. छत्तीसगडकडून येऊन दिल्लीकडे जाणारी गाडी उत्तर टोकानेच आत येते आणि तिला उत्तर टोकानेच बाहेर पडावे लागते. म्हणून छत्तीसगड एक्सप्रेससारख्या गाड्यांचे इंजिन नागपूरला एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावतात. आत बसलेल्या नवख्या प्रवाशाला गाडी परत रायपूरकडे निघाली असे वाटून धसका बसतो, तर चढणाऱ्याचा पुढचा-मागचा डबा याविषयीचा अंदाज उलटा पडतो. लांब गाडीत एका टोकाचा डबा गाठण्यासाठी दुसऱ्या टोकापासून चालत जाणे वृद्धांना सोपे नसते, आणि अनेक गाड्या येथे काही मिनिटेच थांबतात. यावर उपाय एकच : अंदाज न करता फलाटावरील डबादर्शक फलक पाहावा, आपल्या डब्याच्या खुणेजवळ सामान लावावे आणि मगच पाण्याची बाटली किंवा वर्तमानपत्र घेण्यास जावे.

संघाने यात्रेला निघताना हे चार प्रश्न अधिकच उपयोगी पडतात. तीस-चाळीस माणसे, त्यांत वृद्ध आणि लहान मुले, सोबत जेवणाचे डबे, उकळलेल्या पाण्याची भांडी आणि पूजेचे साहित्य असा पसारा असतो. अशा वेळी ‘स्टेशनवर भेटू’ हा निरोप अपुरा आहे. ‘पूर्वद्वाराशी, गाडीच्या वेळेआधी एक तास’ असा नेमका निरोप द्यावा. प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात गाडीचे नाव, डबा, आसन आणि संघप्रमुखाचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी. भ्रमणध्वनीची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही.

नागपूर स्थानकाचा पुनर्विकासही सध्या हाती घेतलेला आहे. त्याची पायाभरणी मेट्रोचे नवे टप्पे सुरू झाले त्याच दिवशी, 11 डिसेंबर 2022 रोजी झाली. अशा कामात वाहनतळ, तिकीटखिडक्या आणि आत जाण्याच्या वाटा अधूनमधून हलविल्या जातात. वर्षापूर्वी पाहिलेली खूण आज जागेवर असेलच असे नाही. पश्चिम-पूर्व आणि उत्तर-दक्षिण ही रचना मात्र इतक्यात बदलणारी नाही. म्हणून पानटपरी किंवा पुस्तकांच्या दुकानाच्या खुणेपेक्षा दिशेची खूण धरणे अधिक भरवशाचे.

त्या वृद्ध दांपत्याला पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा पुण्याला जायचे होते. मुलगा न्यायला येतो म्हणाला. पुतण्याने सोबत थांबण्याची तयारी दाखविली. गृहस्थांनी दोघांनाही नको म्हटले. दुकानातील रोजमेळाच्या कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या : स्थानक, दार, फलाट, टोक. पहिल्या दोन ओळी घरीच भरल्या. तिसरी स्थानकातील फलक पाहून आणि चौथी फलाटावर पोहोचल्यावर भरली. गाडी आली, तेव्हा दोघे आपल्या डब्यासमोर उभे होते आणि कोणालाही काही विचारावे लागले नव्हते.

रात्री मुलाचा काळजीने फोन आला. “बाबा, जागा सापडली का?” तेव्हा पलीकडून उत्तर गेले, “सापडली. आई झोपली आहे. तूही झोप, सकाळी स्टेशनवर ये.”