आमटीतलं आमसूल

माझ्या कादंबरीत दोन काळ आहेत. एक आजचा, पुण्यातला. दुसरा १९१० च्या आसपासचा, काशीतला. आजची नात सहज उभी राहिली. लेखन अडलं ते काशीतल्या स्वयंपाकीणबाईपाशी. कोकणातून काशीवासाला धाडलेली बालविधवा, मराठी वाड्यात रांधणारी. तिच्या चुलीवर काय शिजत होतं हे कळल्याशिवाय तिच्या मनातलं लिहायला हात धजेना. म्हणून पौषात वाराणसी गाठली.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा भाग मराठी माणसांचा. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा काशीला आले. मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते, म्हणून झाशीची राणी काशीत जन्मली. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं, शिंदे घाट बायजाबाईंनी. राण्यांची नावं दगडांत राहिली. रांधणाऱ्या बायकांची कुठेच नाहीत.

दुर्गाघाटाच्या गल्लीत एका जुन्या घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी भेटल्या. मराठी बोलता बोलता बनारसी बोलीत शिरायच्या. बोलण्याआधी खाऊ घातलं ते चूडा-मटर. तुपात जिरं-हिंग, थंडीतले कोवळे मटार, भिजवलेले पोहे, आलं, मिरची, लिंबू. कांदा नाही, ओलं खोबरं नाही. कोकणातून आलेल्या मुलीला हे पोहे किती ओळखीचे आणि किती परके वाटले असतील!

आजींच्या आजेसासूबाईंच्या काळात त्या घरात अशीच एक बाई होती. केशवपन झालेली. सोवळ्याच्या स्वयंपाकाला अशाच विधवेचा हात चाले. केस राखलेल्या विधवेच्या हातचं कर्मठ घरांत खात नसत. सणाला पुरणाचा घाट तिने घालायचा आणि आपण एकभुक्त राहायचं. रूढीचा हा क्रूरपणा मला मवाळ करून लिहायचा नाही. १९१० सालीच लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाककृतींचं ‘गृहिणी-मित्र’ छापून आलं. दुर्गाघाटावरच्या या बाईला अक्षरओळखही नव्हती.

“नाव काय होतं तिचं?”

“सगळे काकूच म्हणायचे.”

“तिचं कुणावर मन होतं का, आजी?”

“ते कोण सांगणार गं पोरी? एक शास्त्रीबुवा यायचे जेवायला, रत्नागिरीकडचे. एरवी आमटीत आमचूर. बुवा पानावर असले की आमसूल. कोकणातले यात्रेकरू आले की मागून घ्यायची, बरणीत जपायची.”

“घरात कुणाला कळलं नाही?”

“कळलं असेल की. पण ती आमटी सगळ्यांनाच आवडायची.”

जुन्या काळातलं प्रेम लिहायचं म्हटलं की चोरून पाठवलेली चिठ्ठी येते, घाटावरची भेट येते. जिला लिहिता येत नाही आणि जिला माजघराबाहेर उभं राहायची मुभा नाही, तिचं प्रेम तिच्या हाताशी होतं त्यातच असणार. म्हणून त्या दोघांचं एकही संभाषण मी लिहिलं नाही. बुवा जेवतात, ती भिंतीआड असते, आमटीची चव बदलते. तेवढंच. पुण्यातली नात मात्र हव्या त्या माणसाला उघडपणे जेवायला बोलावते. एका शतकातला तो फरक मला दाखवायचा आहे.

तुमच्या घराण्यातली कुणी आत्या, मावशी, पणजी काशीवासाला गेली असेल आणि तिच्या हातच्या एखाद्या पदार्थाची आठवण कुणी सांगत असेल, तर ती लिहून ठेवा. तिचं नाव आधी विचारा.